भरतीच्या वेळापत्रकावर आखलेली जलरंग कार्यशाळा : भोगवे-निवतीचे पाच दिवस

ओला_कागद

नमस्कार मंडळी. गेली अकरा वर्षे मी जलरंगात निसर्गचित्रे करतो आहे आणि त्यांतली बरीचशी कोकणच्या किनाऱ्यावर बसून केलेली आहेत. गेल्या मार्गशीर्षात आम्ही आठ जण सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या भोगवे-निवतीच्या किनाऱ्यावर पाच दिवस एका घरी राहून चित्रे काढून आलो. त्यानंतर कार्यशाळा कशी आखावी, सोबत काय न्यावे आणि जेवणाखाणाचे काय, असे विचारणारे बरेच व्यनि (व्यक्तिगत निरोप) आले, म्हणून सगळे एकाच ठिकाणी लिहितो आहे.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. समुद्रकाठची कार्यशाळा घड्याळावर आखू नये, भरती-ओहोटीवर आखावी; आणि सगळे दिवस एकाच गावात काढावेत. याच्या उलट प्रकार मी स्वतः भोगला आहे. काही वर्षांपूर्वी एका संस्थेबरोबर चार दिवसांत सहा ठिकाणे, असा दौरा केला होता. बसमध्ये तीसच्या वर माणसे होती. बंदरावर पोहोचलो तेव्हा ऐन ओहोटी होती, होड्या चिखलात कलंडलेल्या होत्या आणि सूर्य डोक्यावर आला होता. खरे तर चिखलातल्या होड्यांचेही उत्तम चित्र होते, पण त्यासाठी लागणारा वेळ आम्हाला दिलेला नव्हता. तासाभरात शिट्टी वाजली आणि उरलेले चित्र मुक्कामी जाऊन फोटोवरून पुरे करा, असे सांगण्यात आले. त्या दौऱ्यातले एकही चित्र मी आज कोणाला दाखवत नाही.

भरतीची वेळ काढायला पंचांग पुरते. किनाऱ्यावरची जुनी माणसे तिथीची पाऊणपट करतात. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. अष्टमीला सहाच्या सुमाराला. त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी येते आणि रोज ही वेळ पाऊण-एक तासाने पुढे सरकते. हिशेब ढोबळ आहे आणि ठिकाणानुसार थोडा मागेपुढे होतो, पण चित्रकाराला तेवढा पुरेसा असतो. आम्ही कृष्ण द्वितीया ते षष्ठी हे पाच दिवस धरले. द्वितीयेला पहाटे दीडला भरती, म्हणजे पावणेआठला ओहोटी. षष्ठीला तीच ओहोटी पावणेअकरावर गेली. याचा फायदा असा झाला, की रोज सकाळी आठ वाजता त्याच खडकाशी त्याच जागेवर बसूनही रोज वेगळा समुद्र मिळाला. पहिल्या दिवशी पाणी पार लांब गेलेले आणि समोर आरशासारखी ओली वाळू. शेवटच्या दिवशी त्याच वेळी पाणी अजून अर्ध्या वाटेवर होते आणि खडकांची फक्त डोकी दिसत होती. जागा बदलली नाही म्हणूनच हा फरक दिसला. रोज नवा किनारा पाहिला असता, तर बदल समुद्राचा की जागेचा, हे कळलेच नसते.

दुसरी गोष्ट उजेडाची. आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळचे ऊन पाठीमागून, माडांच्या शेंड्यांवरून येते, माडांच्या लांब सावल्या वाळूवरून पाण्याच्या दिशेने जातात आणि समुद्र सपाट, हिरवट दिसतो. दुपारी चारनंतर ऊन समोरून येते, पाणी चांदीसारखे होते आणि होड्या काळ्या दिसू लागतात. वाऱ्याचेही तसेच. सकाळी जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा असतो, त्यामुळे काठाजवळचे पाणी शांत राहते आणि होडीचे प्रतिबिंब अखंड मिळते. दुपारी खारा वारा सुटला की पाण्यावर सुरकुत्या येतात आणि प्रतिबिंब मोडून जाते. ज्यांना प्रतिबिंबे रंगवायची आहेत त्यांनी सकाळची झोप सोडली पाहिजे, त्याला दुसरा उपाय नाही.

आता ओल्या वाळूविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण पाच दिवसांत मी सर्वांत जास्त वेळ तिच्यावर घालवला. लाट मागे जाते तेव्हा वाळूवर पाण्याचा एक पातळ पडदा राहतो आणि त्यात आकाश दिसते. दोन-तीन श्वासांत तो पडदा वाळूत जिरतो, चकाकी जाते आणि मागे नुसता गडद तपकिरी रंग उरतो. म्हणजे एकाच ओल्या पट्ट्यात पाण्याजवळ आकाशाचा रंग असतो आणि आपल्याकडे येताना तो हळूहळू वाळूचा होत जातो. हे रंगवायचे तर कागद आधी पूर्ण ओला करायचा, वरून आकाशाचा फिका निळा खाली ओढत आणायचा आणि तो ओला असतानाच खालून रॉ सिएना (मातकट पिवळा) आणि किंचित अल्ट्रामरीन (गडद निळा) यांचे मिश्रण वर न्यायचे. दोन्ही रंग मध्ये भेटतात तिथे कुंचला अजिबात लावायचा नाही. पहिल्या तीन चित्रांत मी तिथे कुंचला लावला आणि मातकट डाग पडले. चौथ्यात हात आवरला आणि वाळू वाळूसारखी दिसली.

कुंचला आवरायला मला खरे तर चुलीपाशी शिकायला मिळाले. आम्ही ज्या घरी उतरलो होतो तिथल्या काकी सकाळी घावने काढत. तांदळाचे पीठ इतके सैल, की डावातून पाण्यासारखे पडते. बिडाचा तवा चांगला तापलेला. पीठ कडेकडेने गोल ओतत मध्यापर्यंत आणायचे, तव्यावर पडताच त्याला जाळी सुटते, मग झाकण. आमच्यातल्या एकीने डावाने पीठ सारखे करायला हात पुढे केला, तशी काकी म्हणाली, "एकदा पीठ घातलां की परत हात लावचो नाय, तां आपसूक पसारता." त्या दिवशी किनाऱ्यावर आकाशाचा हात मारताना आम्ही एकमेकांना हेच वाक्य ऐकवत होतो. पीठ दाट असेल तर जाळी पडत नाही, तसा रंग दाट असेल तर तो कागदावर वाहत नाही. तवा निवलेला असेल तर घावन चिकटते, तसा कागद अर्धवट वाळलेला असेल तर फुलकोबीसारखे डाग उठतात. ही तुलना मी ओढूनताणून करत नाही. दोन्ही ठिकाणी पातळ द्रव, तापमान आणि वेळ एवढाच खेळ आहे.

जेवणाचे वेळापत्रकही समुद्राच्याच हातात होते. तिसऱ्या दिवशी सकाळी समोरच रापण लागली. होडीतून जाळे अर्धवर्तुळात टाकून झाले होते, दोन टोकांचे दोर धरून दोन रांगा हळूहळू एकमेकींकडे सरकत ओढत होत्या. आमच्यातल्या तिघांनी कुंचले ठेवले आणि दोराला हात लावला. जाळे काठाला आले तेव्हा त्यात बहुतेक तारली आणि थोडे बांगडे होते. हात लावला म्हणून आम्हालाही वाटा मिळाला आणि दुपारी तोच पानात आला: तिरफळ घातलेले बांगड्याचे तिखले, भात आणि सोलकढी. तिरफळाची ती जिभेला किंचित झिणझिण्या आणणारी चव बांगड्याच्या तेलकटपणाला जशी तोलून धरते, तशी दुसरी कोणतीही गोष्ट धरत नाही, असे माझे ठाम मत झाले आहे. शाकाहारी मंडळींसाठी काळ्या वाटाण्याची उसळ आणि आंबोळ्या होत्या, आणि एका रात्री कुळथाची पिठी आणि तांदळाची भाकरी, जी मासे खाणाऱ्यांनीच जास्त संपवली.

साहित्याविषयी प्रश्न असतील तर खाली विचारावेत, सवडीने उत्तर देतो.

सुरंगी

अत्यंत सुंदर लिहिले आहे. ओल्या वाळूचा परिच्छेद मी दोनदा वाचला. माझा अनुभव कागदाचा आहे आणि तो थोडा कडू आहे, म्हणून इतरांनी सावध राहावे यासाठी सांगते. मी वेंगुर्ल्यात राहते. पहिल्या वर्षी हौसेने मी चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, पूर्ण सुती कागद आणला आणि लाकडी कपाटात तसाच ठेवला. पावसाळा गेल्यावर काढला तेव्हा वरून अगदी चांगला दिसत होता, पण पाणी लावताच जागोजाग टिपकागदासारखा रंग शोषू लागला आणि आकाशात काळपट ठिपके उमटले. कागद पाणी लगेच पिऊ नये म्हणून त्याला सरस किंवा जिलेटिनचा साज दिलेला असतो. दमट हवेत बुरशी तो साज खाते आणि कागद मरतो. मेलेला कागद डोळ्यांना दिसत नाही, पाणी लावल्यावरच कळतो. तेव्हापासून मी लागेल तेवढाच कागद आणते आणि हवाबंद पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवते. किनाऱ्यावर राहायला येणाऱ्यांनी कागदाचा गठ्ठा पिशवीतून एकदम बाहेर काढू नये, रोजचे दोन-तीन तुकडेच काढावेत.

प्रवासी_पोतडी

लेख आवडला, परंतु एकाच गावात राहण्याच्या आग्रहाशी मी सहमत नाही. नोकरी करणाऱ्या माणसाला वर्षातून मोठ्या मुश्किलीने चार दिवस मिळतात. त्या चार दिवसांत त्याने विजयदुर्ग, कुणकेश्वर, मालवण आणि शिरोडा पाहू नये काय? मी अशाच फिरत्या पद्धतीने चित्रे काढतो. प्रत्येक ठिकाणी पोस्टकार्डाएवढ्या कागदावर वीस मिनिटांत एक चित्र, एवढाच माझा नियम आहे. मालवणच्या किनाऱ्यावरून सिंधुदुर्ग काढताना मी तटाचे बुरूज मोजत बसलो नाही. पाण्याच्या पातळीवर काळसर ओली रेघ आणि तिच्यावर ऊन लागलेला तट, एवढेच टिपले. घरी आल्यावर त्या पंचवीस चित्रांची वही उघडली की अख्खा प्रवास समोर उभा राहतो. खाण्याचेही तेच आहे. एका ठिकाणी राहिलो असतो तर देवगडला उतरल्यावर ओल्या काजूची उसळ, मालवणला कोंबडी-वडे आणि परतीच्या वाटेवर आल्याच्या गुळात घोळलेले खाजे, हे सगळे एका सहलीत कसे मिळाले असते?

ओला_कागद

प्रवासी_पोतडी, तुमच्या वहीबद्दल मला खरोखर आदर आहे आणि वीस मिनिटांचा नियम उत्तम आहे. माझा आक्षेप फिरण्याला नाही, कार्यशाळेच्या नावाखाली फिरवण्याला आहे. एकटा चित्रकार हवा तिथे थांबू शकतो. तीस जणांच्या गटाला ती मुभा नसते. शिवाय शिकणारा माणूस चुकतो, आणि ती चूक दुरुस्त करायला त्याला दुसऱ्या दिवशी तोच विषय समोर हवा असतो. माझी वाळूची पहिली तीन चित्रे बिघडली आणि चौथे जमले. चारही ठिकाणे वेगळी असती तर मी चारही वेळा पहिल्यांदाच चुकलो असतो.

सुरंगी, तुमची सूचना अगदी मोलाची आहे. आमच्यापैकी एकाचे दोन तुकडे असेच वाया गेले आणि त्या बिचाऱ्याला वाटत राहिले की आपलाच हात बिघडला.

हर्णैकर

आमच्या दापोलीकडची बाजू मांडतो. हर्णैच्या बंदरात संध्याकाळी माशांचा लिलाव होतो, तेव्हा भरती-ओहोटीबरोबर माणसांचीही भरती असते. होड्या खोल पाण्यात उभ्या राहतात आणि त्यांच्यातला माल बैलगाड्या थेट समुद्रात घालून काठाला आणतात. गुडघाभर पाण्यातला बैल, मागे डोलणाऱ्या होड्यांची रंगीत निशाणे आणि त्यांच्याही मागे सुवर्णदुर्गाची काळी रेघ, हे दृश्य समोरून येणाऱ्या उजेडात पाहिले की कागद काढल्यावाचून राहवत नाही. पण तिथे बसून चित्र काढणाऱ्याला माझी कळकळीची विनंती आहे. लिलावाच्या रिंगणापासून दूर, गाडीवाटेच्या बाहेर बसावे आणि आधी विचारावे. ते लोक आपल्यासाठी उभे नसतात, तो त्यांच्या दिवसाच्या कमाईचा तास असतो. मी एका मावशींना त्यांच्या टोपलीचे चित्र दाखवले, तर त्यांनी पापलेटाचा शेपटीकडचा आकार चुकल्याचे लगेच दाखवून दिले. त्यांचे बरोबर होते. मी दोन्ही टोके सारखी काढली होती आणि तिथे खालचे टोक लांब असते. तो दुरुस्त केलेला कागद माझ्याकडे अजून आहे.

नवशिकी_०७

मी या क्षेत्रात अगदी नवीन आहे आणि सर्वांचे वाचून हुरूप आला आहे. एक साधा प्रश्न विचारते. किनाऱ्यावर इतके पाणी असताना घरून पिण्याच्या पाण्याच्या बाटल्या नेण्याची खरेच गरज आहे का? समुद्राच्याच पाण्याने समुद्र रंगवावा, ही कल्पना मला फार आवडते.

ओला_कागद

कल्पना मलाही आवडली होती आणि मी ती करून पाहिली आहे, म्हणून सांगतो. खारे पाणी वाळताना कागदावर मिठाचे बारीक स्फटिक राहतात आणि रंगात सुंदर कण उमटतात. त्या दिवशी चित्र फारच देखणे दिसले. पण समुद्राच्या पाण्यात निव्वळ मीठ नसते, मॅग्नेशियम क्लोराइडसारखे क्षारही असतात आणि ते हवेतला ओलावा ओढून घेतात. पुढच्या श्रावणात ते चित्र फ्रेमच्या काचेला आतून चिकटले. दुसऱ्या वर्षी त्यावर पांढरट डाग आले. तुम्हाला मिठाचे कण हवेच असतील तर गोड्या पाण्यात रंगवून, कागद ओलसर चकचकीत असताना घरचे जाडे मीठ शिंपडावे आणि पूर्ण वाळल्यावर झटकून टाकावे. किनाऱ्यासाठी दोन लिटर गोडे पाणी पुरते. कुंचला धुण्याचे भांडे आणि रंगासाठी पाणी घेण्याचे भांडे वेगळे ठेवावे.

आणखी एक गोष्ट. काही कंपन्यांच्या रंगांत मध असतो. तो रंग कोकणातल्या हवेत पॅलेटमध्ये वाळतच नाही, पिशवीत आडवा झाला की सगळीकडे पसरतो, आणि रात्री मुंग्या शोधत येतात. सुरुवातीला डिंकात घोटलेले साधे रंग घ्यावेत. सात-आठ नळ्या पुरेत: अल्ट्रामरीन, सेरुलियन (आकाशी निळा), रॉ सिएना, बर्न्ट सिएना (विटकरी तपकिरी), एक थंड म्हणजे निळसर झाकेचा लाल, एक लिंबू पिवळा आणि एक गरम म्हणजे नारिंगी झाकेचा पिवळा. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना एकत्र केले की उत्तम करडा रंग मिळतो, त्यामुळे काळ्याची गरज पडत नाही. जांभ्या दगडाच्या उन्हातल्या बाजूला बर्न्ट सिएनात थोडा लाल आणि सावलीत त्यातच अल्ट्रामरीन, एवढ्यावर अख्खी पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट) रंगवता येते.

रातांबा

खाण्याचा विषय निघाला आहे आणि रंगाचाही, म्हणून माझा एक उद्योग सांगतो. आमच्या घरी वैशाखात रातांबे (कोकमाची फळे) फोडायला बसतात. सालीच्या रसाने हात चार दिवस जांभळट लाल राहतात, तेव्हा मनात आले की याच रसाने चित्र का काढू नये. रस गाळून, किंचित आटवून कागदावर लावला. पहिले नवल असे, की भांड्यात गर्द लाल असलेला रस एका कागदावर लालच राहिला आणि दुसऱ्यावर डोळ्यांदेखत निळसर जांभळा झाला. कारण पुढे समजले. कोकमातला रंग आंबटपणात लाल राहतो आणि क्षारात निळ्याकडे झुकतो, आणि चांगल्या प्रतीच्या कागदात आम्लापासून संरक्षण म्हणून खडूसारखा क्षार मिसळलेला असतो. दुसरे मात्र दुःखाचे. खिडकीजवळ लावलेल्या त्या चित्राचा रंग पुढच्या वैशाखापर्यंत उडून नुसता तपकिरी डाग राहिला. वनस्पतींचे असे रंग उजेडात टिकत नाहीत. म्हणून आता मी रस सोलकढीतच वापरतो आणि सोलकढीचा रंग काढायचा झाला तर पर्मनंट रोज या गुलाबी रंगाचा अगदी पातळ हात देतो. ताजा नारळाचा रस घातलेली सोलकढी नुसती गुलाबी नसते, तिच्यात खालून एक दुधी उजेड असतो. तो मिळण्यासाठी पेल्याच्या कडेला कागद कोरा सोडावा लागतो.

मोती_तलाव

या धाग्यावर सावंतवाडीचे नाव अजून आले नाही, याचे सावंतवाडीकर म्हणून वाईट वाटले. जलरंगाच्या प्रवासाला निघालेल्या प्रत्येकाने भोगव्याहून परतताना अर्धा दिवस इथे थांबावे, कारण सावळाराम लक्ष्मण हळदणकर १८८२ साली याच गावी जन्मले. हातात समई घेतलेल्या आणि दुसऱ्या हाताने ज्योत झाकणाऱ्या स्त्रीचे त्यांचे चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे. पुष्कळ लोक ते राजा रविवर्म्याचे समजतात आणि तैलचित्र समजतात. ते हळदणकरांचे आहे आणि जलरंगातले आहे. त्यासाठी त्यांची मुलगी गीता समई धरून उभी राहिली होती. मी म्हैसूरला जाऊन ते पाहिले आहे. ज्योतीसमोरच्या बोटांच्या फटींतून जो लालसर उजेड झिरपतो, त्याच्यापुढे मी किती वेळ उभी होते ते मला सांगता येणार नाही. वर रातांबा यांनी सोलकढीतल्या उजेडाबद्दल लिहिले, तो उजेड आणि हा उजेड एकाच रीतीने येतो; तो खालच्या पांढऱ्या कागदाचा असतो.

सावंतवाडीत मोती तलावाच्या काठी पहाटे बसावे. पाणी निश्चल असते आणि समोरच्या झाडांची सावली काठापर्यंत येते. नंतर घरगुती खानावळीत खापरोळ्या मिळाल्या तर जरूर खाव्यात. जाडसर, जाळीदार खापरोळी गूळ-वेलची घातलेल्या नारळाच्या रसात बुडवली की ती रस पिऊन फुगते, आणि तीही लगेच खावी लागते, थांबल्यास गळून जाते.

सातासमुद्रापार

मी इंग्लंडमध्ये राहतो. इथे कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर सेंट आइव्ह्ज नावाचे मासेमारीचे जुने गाव आहे. चित्रकारांची तिथे फार मोठी परंपरा आहे आणि १९९३ साली तिथे टेट संग्रहालयाची शाखाही उघडली. दोन उन्हाळे मी तिथल्या लहान कार्यशाळांना गेलो. मूळ लेखकाचे म्हणणे मला तिथेही खरे वाटले. त्या बंदरात ओहोटीला सगळे पाणी निघून जाते, होड्या वाळूवर बसतात आणि माणसे त्यांच्या मधून चालत फिरतात. सहा तासांनी त्याच जागी बोट तरंगत असते. शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्या दिवशी हातात रंगांच्या यादीआधी भरतीचा तक्ता दिला होता.

फरक आहे तो वाळण्याचा. तिथल्या गार, दमट हवेत आकाशाचा एक हात वाळायला वीस-पंचवीस मिनिटे सहज जातात. कोकणात सकाळी दव असेतोवर तसेच असते, पण ऊन चढल्यावर कुंचला कागदाच्या दुसऱ्या टोकाला पोहोचायच्या आत पहिले टोक वाळते. म्हणून तिथली सवय घेऊन मी गेल्या जानेवारीत शिरोड्याला बसलो आणि तोंडघशी पडलो. मोठा कुंचला, पूर्ण कागदाच्या चौथ्या भागाऐवजी त्याच्याही निम्मा तुकडा आणि पाण्याची फवारणी, या तीन गोष्टींनी सावरलो.

खाण्याचे म्हणाल तर तिथे दुपारी पेस्टी घेऊन धक्क्यावर बसायचे. मांस, बटाटा, कांदा आणि सलगमासारखा एक कंद यांचे सारण, कडेला करंजीसारखी मुरड. आईच्या हातची मुरड पाहिलेल्या माणसाला ती लगेच ओळखीची वाटते. तिथले समुद्रपक्षी मात्र हातातून घास उचलून नेतात, म्हणून एक हात पेस्टीवर आणि एक चित्रावर ठेवावा लागतो. माझ्याजवळ नेहमी आईने दिलेले कोलंबीचे लोणचे असते. वर्गातल्या सर्वांनी ते चाखले आणि शेवटच्या दिवशी बाईंनी बरणीचे चित्र काढून मला दिले.

प्रवासी_पोतडी

ओला_कागद, तुमचे उत्तर वाचल्यावर बराच विचार केला. एकट्याने फिरणे आणि शिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मान्य करतो. पुढच्या वेळी चारांतले दोन दिवस एका जागी काढून पाहीन. परंतु दुपारच्या जेवणाविषयी एक तक्रार आहे आणि ती सर्वच कार्यशाळांना लागू आहे. तुम्ही वर्णन केलेले जेवण जेवल्यावर दुपारी चार वाजता कोणाचा हात कुंचल्यावर चालतो?

ओला_कागद

प्रश्न रास्त आहे आणि पहिल्या दिवशी आमचेही तेच झाले. दुसऱ्या दिवशी काकींनीच तोडगा काढला. सकाळी सहाला चहा, नऊला किनाऱ्यावरच घावने डब्यात बांधून, अकराला परतल्यावर उकड्या तांदळाची गरम पेज, सोबत खोबऱ्याची कातळी आणि लोणचे. शेतावर राबणारी माणसे याच वेळी पेज घेतात, त्यामुळे पोटाला आधार मिळतो आणि सुस्ती येत नाही. जेवण दीडला, मग तासभर आडवे व्हायचे. तोवर ऊनही रंगवण्याजोगे नसते. साडेतीनला नुसता चहा घेऊन निवतीच्या किल्ल्यावर चढायचे. तिथून भोगव्याची सगळी वाळू, माडांची हिरवी पट्टी आणि पलीकडे कर्ली नदीचे मुख एका नजरेत येते. संध्याकाळचा समोरून येणारा उजेड वरून पाहिला की लाटांच्या कडा पांढऱ्या दोऱ्यासारख्या दिसतात. त्या कागद कोरा सोडूनच ठेवायच्या. खरखरीत कागदावर कुंचला आडवा आणि कोरडा ओढला की त्या आपोआप सुटतात. कागद कोरा राखण्यासाठी मास्किंगचे रबरी द्रव्य लावण्याचा मोह टाळावा, कारण उन्हात ते घट्ट बसते आणि काढताना कागदाचा पापुद्रा उचलते.

नवशिकी_०७

तिथीचा हिशेब करून काल पहिल्यांदा अलिबागला गेले. पंचमी होती, पाच गुणिले पाऊण म्हणजे पावणेचार, त्यामुळे सकाळी दहाच्या सुमाराला ओहोटी असेल असे वहीत लिहून ठेवले होते. दहा वाजून पाच मिनिटांनी पाणी खरोखरच मागे गेलेले होते आणि लोक कुलाबा किल्ल्याकडे चालत जात होते. चित्र एकच काढले. वाळू मातकट झाली, कारण दोन रंग मिळतात तिथे मी कुंचला लावला. येत्या रविवारी त्याच जागी पुन्हा जाणार आहे. त्या दिवशी नवमी आहे, म्हणजे पावणेसातला भरती, पाणी काठाला लागलेले असेल आणि किल्ला चारी बाजूंनी पाण्यात.